पडद्यावरचे मानवत : आरंभ आणि शेवट

मानवत रोड स्टेशनात गाडी थांबली की डब्यातला एखादा बाहेरगावचा प्रवासी पाटी वाचून विचारतो, "तेच का हे, नरबळीवालं?" ऑक्टोबर 2024 मध्ये 'मानवत मर्डर्स' ही आठ भागांची मालिका आल्यापासून हा प्रश्न जास्तच ऐकू येतो. मी उलट विचारतो, "मग शेवटी त्या दोघांचं काय झालं?" वाड्याचा मालक आणि त्याच्याबरोबर राहणारी बाई, हे ते दोघे. प्रवाशाचे सोडा, आमच्या परभणीतली जाणती माणसेसुद्धा बिनदिक्कत सांगतात, "फाशी झाली की!"

झाली नाही. परभणीच्या सत्र न्यायालयाने त्या दोघांना दोषी धरले होते. मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 1977 च्या निकालात ती सुटका कायम ठेवली. इतर काही आरोपींच्या शिक्षा मात्र टिकल्या. त्या दोघांची नावे जुन्या कागदांत ठिकठिकाणी आहेत, पण सुटलेल्या माणसांची म्हणून मी ती इथे लिहीत नाही.

सगळ्या जिल्ह्याला पाठ असलेल्या गोष्टीचा शेवटच लोकांना ठाऊक नसावा, हे कसे घडले असेल? मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुने निकाल आणि जुने सिनेमे या दोनच गोष्टींचा मला नाद. मला वाटते, उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे.

निकालपत्रालाही सिनेमासारखा पहिला प्रसंग असतो. इथे तो खुनांचा आहे. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात दहा बळी गेले. त्यांत दहाएक वर्षांच्या मुली होत्या, बायका होत्या, एक तान्हे लेकरूही होते. मग येते फिर्यादी पक्षाची कथा : वाड्यातला पिंपळ, त्याखालचे गुप्तधन, मुंजा, मूल व्हावे ही आस. बाहत्तरच्या दुष्काळात ही कथा गावोगाव पोचली. माझी आई सांगायची, त्या वर्षी दिवेलागणीनंतर पोरींना परसाकडेसुद्धा एकटे पाठवत नसत. एवढी सुरुवात ऐकल्यावर पुढचे कोण वाचणार?

पुढे तर नुसता कायदा आहे. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुरावा जोडलेला हवा. कबुलीजबाब नोंदवताना दंडाधिकाऱ्याने घालून दिलेली काळजी घेतली नसेल, तर तो जबाब बाजूला ठेवला जाऊ शकतो. तपासाच्या भरात पोलिसांचा हात कुठवर जातो, यावरही न्यायालयाने खडे शब्द लिहिले. वकिलांना हा निकाल आजही लागतो. पण पिंपळाखालच्या हंड्यापुढे कबुलीजबाबाच्या कलमाची काय मातब्बरी!

आता पडदा. अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून केलेला पहिला चित्रपट 'आक्रित' (1981) याच प्रकरणावर बेतलेला. पटकथा विजय तेंडुलकरांची. नावे बदललेली, पण ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अवघ्या चार वर्षांत तो आला. अलीकडची मालिका तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली. कुलकर्णी मोठ्या योग्यतेचे अधिकारी, यात वाद नाही. पण गोष्ट तपास करणाऱ्याच्या वाटेने निघाली की उकल हाच तिचा शेवट ठरतो. गुन्हेगार सापडला की प्रेक्षक मनातून उठलेलाच असतो. त्यानंतरची अपिलाची वर्षे त्याला उपसंहार वाटतात.

असे घडलेच पाहिजे असे नाही. फ्रिट्झ लांगचा 1931 चा जर्मन 'एम' पाहा. तोही मुलींच्या खुनांचाच. आरंभी चाळीसारख्या अंगणात पोरे खुनी माणसाचे गाणे म्हणत खेळतात. वर एक आई ताट मांडून लेकीची वाट पाहते. घड्याळाचे ठोके पडतात, जिना रिकामा. मग घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. रक्ताचा थेंबही नाही. शेवटी न्यायाधीश निकाल द्यायला बसतात आणि शिक्षा ऐकू येण्याआधीच दृश्य तुटते. समोर काळ्या कपड्यांतल्या आया. याने आमची लेकरे परत येणार नाहीत, असे त्यांतली एक म्हणते. पहिल्या प्रसंगातली आई शेवटच्या प्रसंगातही आहे, त्यामुळे खुन्यापेक्षा तीच ध्यानात राहते.

आपल्याकडे चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (2014) हे वेगळ्या रीतीने साधले. सुरुवातीला नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेताना दिसतात. शेवटी आरोपी पडद्यावर नाहीच. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर झोपलेले, पोरे ओरडून त्यांना उठवतात, एकाच्या थोबाडीत बसते, साहेब पुन्हा डोळे मिटतात. खटल्याबद्दल आपले जे काही मत झालेले असते, ते त्या बाकाजवळ हलते.

मानवतच्या गोष्टीत असे काही हलले नाही, याची किंमत एका जमातीने मोजली. ती बाई पारधी होती. 1871 च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदा गेला, शिक्का राहिला. जादूटोणा करणारी पारधीण हे चित्र मानवतच्या आधीही लोकांच्या मनात होते; या गोष्टीच्या आरंभाने त्याला गावाचे नाव आणि तारीख मिळाली. शेवट कळला असता तर निदान एक प्रश्नचिन्ह लागले असते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना मी निकालाची प्रत नेऊन दिली. मालिका त्यांनी दोनदा पाहिलेली. आठवड्याने गेलो तर प्रत टेबलावरच होती. "वाचली," म्हणाले, "सुटले खरं ते." थोडा वेळ गप्प बसले, चष्मा पुसला आणि विचारले, "पण मग ते गुप्तधन सापडलं का नाही?"