पत्त्यांची टंचाई, उघडे पोर्ट आणि 'मिराई'

घरातल्या राउटरला आपण पहारेकरी समजतो, पण पहारा हे त्याचे मूळ काम नव्हे. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी 'आरएफसी १६३१' हा दस्तऐवज मांडला, तो इंटरनेटवरील पत्त्यांच्या टंचाईपोटी. जुन्या पद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी. म्हणून आतले पत्ते निरनिराळ्या जाळ्यांनी पुन्हापुन्हा वापरावेत, अशी ती तात्पुरती सोय होती. पुढे अख्खे घर एकाच पत्त्यावर चालू लागले. मग बाहेरून आगंतुक निरोप आला, तर तो आत कोणाला द्यायचा हेच राउटरला कळेना. तो टाकून देऊ लागला. संरक्षण मिळाले ते असे, अनायासे!

खेळणाऱ्यांना नेमकी हीच अडचण. घरी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवून मित्रांना बोलवायचे, तर २५५६५ क्रमांकाचा पोर्ट उघडावा लागतो. पोर्ट उघडला म्हणजे घर लुटले गेले, असे नाही. त्यामागे बसलेला प्रोग्रॅम मात्र साऱ्या जगासमोर येतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्रॅमांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या घटकातील दोष उघडकीस आला, तेव्हा माइनक्राफ्टच्या गप्पांत एक विशिष्ट ओळ टाकून परका माणूस त्या सर्व्हरवर हुकूम चालवू शकत होता.

हाताने उघडलेला पोर्ट निदान लक्षात राहतो. माझ्या मते खरा घोळ 'यूपीएनपी'ने केला. घरातले कोणतेही यंत्र राउटरला परस्पर सांगून पोर्ट उघडून घेते. पासवर्ड विचारण्याची रीतच त्यात नाही. ही सोय घरापुरती असायची. पण जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या कंपनीने पाहणी जाहीर केली, तेव्हा आठ कोटींहून अधिक पत्ते बाहेरच्या जगालाही उत्तर देत होते.

२०१६ चे 'मिराई' प्रकरण खेळातूनच उपजले. त्याचे तीन अमेरिकी कर्ते विशीच्या आसपासचे, माइनक्राफ्ट सर्व्हरांच्या धंद्यातले. प्रतिस्पर्ध्यांचे सर्व्हर पाडणे हा एक हेतू. २३ आणि २३२३ हे टेलनेटचे पोर्ट उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर 'मिराई' हुडकी आणि कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड लावून पाही. फौज ऐन भरात सुमारे सहा लाख यंत्रांची झाली. ३० सप्टेंबरला तिचा कोड खुला करण्यात आला. २१ ऑक्टोबरला दुसऱ्याच कोणी तो वापरून डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना उघडेनात.

डिसेंबर २०१७ मध्ये तिघांचे गुन्हाकबुलीचे जबाब जाहीर झाले. तपासात मदत केल्यामुळे तुरुंग टळला. पाच वर्षे देखरेख आणि २,५०० तास समाजसेवा, एवढ्यावर निभावले. 'मिराई' यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राही. कॅमेरा बंद करून चालू केला की ती नाहीशी होई. पण पासवर्ड तोच असला, तर काही मिनिटांत परत येई.