‘सम’ आणि ‘सेम’ : समतेच्या शब्दांची कुळकथा

२२ जून १८४४ रोजी सुरतेत ‘मानव धर्म सभा’ स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी यांच्यासह तिच्या संस्थापकांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध करणारे हे मराठीचे वैयाकरण त्या काळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन करीत होते. ईश्वर एक, मानवजात एक आणि माणसाची योग्यता जन्मावरून नव्हे तर गुणांवरून ठरते, ही सभेची भूमिका होती. ‘माणसे समान आहेत’ या विधानातील ‘समान’ म्हणजे नेमके काय, हे इंग्रजी आणि मराठी शब्दांची व्युत्पत्ती ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

इंग्रजी ‘इक्वल’ हा शब्द लॅटिन ‘ऐक्वुस’ म्हणजे सपाट, एका पातळीतील, यावरून आला. गोव्याला परिचित असलेला पोर्तुगीज ‘इग्वाल’ त्याच कुळातला. येथे मूळ कल्पना पातळीची आहे, रूपाची नाही. ‘सिमिलर’ आणि ‘सेम’ यांचे मूळ मात्र वेगळे. पहिला लॅटिन ‘सिमिलिस’वरून, दुसरा प्राचीन नॉर्सवरून इंग्रजीत आला. ग्रीक ‘होमोस’ आणि संस्कृत ‘सम’ ही त्यांचीच भावंडे असून, ‘एक’ हा अर्थ असलेल्या प्राचीन धातूपासून हे सारे शब्द निघाले. त्यामुळे मराठी ‘सम’ आणि इंग्रजी ‘सेम’ यांच्यातील साम्य हा योगायोग नव्हे. ‘लाइक’ हा शब्द देह या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला. ज्याचा देह, म्हणजेच रूप, एकसारखे तो.

‘पिअर’ची कथा बोधप्रद आहे. लॅटिन ‘पार’ म्हणजे समान; त्यावरून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द बरोबरीच्या माणसाचा वाचक. परंतु इंग्लंडमध्ये तोच सरदार-उमरावांची पदवी ठरला. समता आपल्याच वर्तुळापुरती राखली की समतेचा शब्दही उच्चनीचतेचा होतो.

मराठीतील शब्दांच्या मुळाशी तीन भिन्न प्रतिमा आहेत. ‘सारखा’ हा संस्कृत ‘सदृक्ष’वरून आला, म्हणजे तसाच दिसणारा. गुजरातीतील ‘सरखुं’ त्याचेच भावंड. ‘तुल्य’ या शब्दात तुला, म्हणजे तराजू आहे. ‘बरोबर’ हा फारसी ‘बराबर’. त्याचा मूळ अर्थ छातीला छाती लावून, एका रांगेत. पहिला शब्द डोळ्यांना दिसणारे साम्य सांगतो, दुसरा वजन आणि तिसरा उभे राहण्याची जागा.

लेखनात हा भेद पाळणे आवश्यक आहे. दोन वस्तूंमधील मिळतेजुळतेपणा म्हणजे ‘साम्य’ किंवा ‘सारखेपणा’. हक्क व दर्जा यांची बरोबरी म्हणजे ‘समानता’. आणि ती बरोबरी मूल्य म्हणून स्वीकारणे म्हणजे ‘समता’. संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये कायद्यापुढील समानता आहे. तिचा अर्थ सर्वांना एकाच साच्यात बसवणे असा न्यायालयांनी लावलेला नाही. समान परिस्थितीतील व्यक्तींना समान वागणूक हे तिचे सूत्र असून, वाजवी वर्गीकरणाला तेथे जागा आहे.

सुरतेच्या सभेने जातिभेदावर टीका केली, मात्र त्याविरुद्ध थेट कृती केली नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभेचे कार्य थांबले. पुढे १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिबंधने मोडण्यासाठी सदस्य गुप्तपणे सहभोजन करीत. ज्यांनी समता मान्य केली होती, त्यांनाही एका पंगतीला बसण्यासाठी दार बंद करावे लागले. ‘बरोबर’ या शब्दातील एका रांगेत उभे राहणे उच्चारायला सोपे, आचरायला कठीण, हेच यातून दिसते.