‘नमाज पढणे’ : शब्दाचा अर्थ आणि मूळ

‘पढणे’ म्हणजे ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने तोंडाने म्हणणे. नमाज पढतात, कलमा पढतात, दरूद, फातेहा, यासीन पढतात. ‘पढवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप : इमामसाहेब नमाज पढवतात, काझी निकाह पढवतात.

मूळ कुठले?
शब्द मशिदीत ऐकू येतो म्हणून तो अरबी-फारसी असेल असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही. संस्कृत ‘पठ्’ या धातूपासून प्राकृतात ‘पढ’ झाले आणि तेच मराठीत, हिंदीत, उर्दूत आले. ‘मठ’वरून ‘मढी’ झाली, तसाच हा ‘ठ’चा ‘ढ’. पाठ, पाठांतर, पाठशाळा हे त्याच घरातले शब्द. शहापूर-मुरबाडकडे सप्ताहात हरिपाठ म्हणतात आणि शेजारच्या मशिदीत नमाज पढतात. त्यातला ‘पाठ’ आणि ‘पढ’ एकाच धातूचे. ‘नमाज’ हा शब्द फारसी, अरबीत ‘सलात’. पण नमाजचेही ‘नमन’शी जुने नाते आहे, दोन्हींच्या मुळाशी वाकणे, झुकणे हाच अर्थ.

अरबी-फारसीत काय म्हणतात?
‘कुराण’ हे नावच ‘पढणे’ या अर्थाच्या अरबी धातूवरून आले. पहिल्या वहीचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘पढ’ (सूरह अलक). किराअत, कारी हे शब्दही त्यातलेच. ‘तिलावत’चा धातू वेगळा, त्यात पढण्यासोबत ‘मागोमाग चालणे’ हाही अर्थ आहे. कुराणख्वानीतले ‘ख्वानी’ फारसी.

पढणे आणि वाचणे
उर्दूत पुस्तकही पढतात, शाळेतही पढतात. मराठीत मात्र वाटणी झाली. पोरगं शाळेत शिकतं, पुस्तक वाचतं आणि मदरशात सिपारा पढतं. मराठी ‘पढणे’त पाठांतराचा अर्थ वरचढ राहिला, म्हणून त्याला एक टोचणीही आहे : पढवलेला पोपट, पढवलेला साक्षीदार. दासबोधात तर ‘पढतमूर्ख’ अशा माणसाच्या लक्षणांचा स्वतंत्र समास आहे.

‘पढणे’ की ‘पडणे’?
भरभर बोलताना ‘ढ’चा ‘ड’ होतो आणि लिहितानाही तीच चूक उतरते. मय्यतीच्या निरोपात ‘जनाज्याची नमाज जोहरनंतर पडली जाईल’ असे येते. ‘पडणे’ म्हणजे खाली येणे. त्याचा धातू ‘पत्’, वेगळाच. बोलण्यात चालून जाते, पण निरोप, निकाहाची पत्रिका, मशिदीचा फलक यांवर ‘पढली जाईल’ असेच लिहावे. ‘अदा केली जाईल’ हेही बरोबर.

नुसते पढून भागते का?
कुराण थांबून, सावकाश पढावे असे सूरह मुज्जम्मिलमध्ये सांगितले आहे. त्यावर विचार करा, असेही कुराण सांगते. त्याला ‘तदब्बुर’ म्हणतात. आपल्याकडे अनेक घरांत पोरं अरबी अक्षरं ओळखून सिपारे झरझर पढतात, पण ‘अल्हम्द’चा अर्थ विचारला की गप्प होतात. त्यांची बोली मराठी, शाळाही मराठी आणि कुराणाचा मराठी तर्जुमा उपलब्ध आहे. रोज सबक झाल्यावर त्याच आयतींचा अर्थ पोरांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात.