ऑक आणि एक स्वल्पविराम

सभासदांची यादी साफ करताना एका स्वल्पविरामानं माझी अख्खी दुपार खाल्ली. "सदाशिव पेठ, पुणे" हा पत्ता ऑक या संगणकीय अवजारानं दोन रकान्यांत फाडला, पिनकोडच्या जागी 'पुणे' येऊन बसलं. अवतरणचिन्हं होती की! पण त्याला त्यांचं सोयरसुतक नव्हतं.

१९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर, कर्निहॅन यांनी हे अवजार घडवलं. नाव आडनावांच्या आद्याक्षरांचं. एकेक ओळ घ्यायची, रकाने पाडायचे. तिसरा हवा तर डॉलर-तीन. बस्स.

असल्या स्वल्पविरामाची सोय कर्निहॅन यांच्या ऑकमध्ये आली ती ऑकवरच्या पुस्तकाच्या २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीसोबत. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. युनिकोडही आलं. आधी 'पुणे'ची लांबी बाइटांत मोजून १२ भरायची, आता युनिकोडच्या चिन्हांत ४. डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, ते सोडा.