शाहजोगापासून एस्क्रोपर्यंत : दूरच्या विक्रेत्यास मोल पोचविण्याच्या रीती व त्यांची परिभाषा

१९४१ साली अमेरिकेत विक्रीस आलेले ‘पार्कर ५१’ हे फाउंटनपेन मूळ घडणीत आज दुकानात मिळत नाही. ते हवे असेल तर अमेरिकेतील किंवा इंग्लंडातील एखाद्या जुन्या पेनांच्या विक्रेत्याकडून, आंतरजालावरील बाजाराच्या द्वारा, ते मागवावे लागते. या पेनाचे निब जवळजवळ संपूर्णपणे आवरणाखाली झाकलेले असते. आणि १९४८ पूर्वीच्या पेनांत शाई ओढून घेणारा जो रबरी पडदा असे, तो कालांतराने कडक होऊन फाटतो. निब झिजले आहे की काय, पडदा शाबूत आहे की नाही, यांपैकी कोणतीही गोष्ट छायाचित्रावरून कळत नाही. पेन हातात येऊन त्यात शाई भरली म्हणजेच खरी परीक्षा होते. मोल मात्र त्यापूर्वी कित्येक दिवस, क्वचित कित्येक आठवडे, देऊन टाकलेले असते. या मधल्या काळात पैसा कोणाच्या ताब्यात असतो व तो कोणत्या नावाने असतो, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु दूरच्या व्यापाराचा बराचसा इतिहास त्यात साठलेला आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये असे त्याचे स्वरूप आहे. (फाउंटनपेनास ‘झरणी’ असा प्रतिशब्द मराठीत घडविण्यात आला होता. शब्द चांगला होता, पण बोरू आणि टाक यांच्या पंक्तीला त्यास बसता आले नाही.)

या प्रश्नाचे एक जुने उत्तर हुंडीच्या व्यवहारात सापडते. हुंडी म्हटली की दर्शनी व मुदती हे दोन भेद सामान्यतः सांगितले जातात; परंतु ते रक्कम केव्हा द्यावयाची एवढेच सांगतात. ती कोणास द्यावयाची, हे सांगणारे भेद निराळे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे होत. धनीजोग हुंडीचे पैसे हुंडीच्या धन्यास मिळत, नामजोग हुंडीचे तीत नाव असलेल्या इसमास. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र फक्त ‘शाहा’स, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यास द्यावयाचे असत. अशी हुंडी वाटेत चोरीस गेली तरी चोर स्वतः पेढीवर जाऊन तिचे पैसे मागू शकत नसे. त्यास कोणीतरी शाह गाठावा लागे. आणि पैसे घेतल्यावर हुंडी खोटी अगर चोरीची निघाली, तर ती वटविणाऱ्या शाहास रक्कम सव्याज परत करावी लागे. म्हणजे शाह हा केवळ पैसे नेणारा हस्तक नव्हता. व्यवहारात दोष निघाल्यास ज्याच्या दाराशी जाऊन उभे राहता येईल असा तो एक ठावठिकाण्याचा मनुष्य होता.

‘शाहजोग’ या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘जोग’ हे ‘योग्य’ याचे रूप. ‘शाह’ हा मात्र येथे फारसीतील राजवाचक शब्द नसून संस्कृत ‘साधु’ हा प्राकृतात ‘साहु’ होऊन त्यापासून आलेला आहे, असे सामान्यतः मानण्यात येते. फारसी शब्दाच्या ध्वनिसाम्याने त्याच्या उच्चाराला आणि डौलाला हातभार लावला असेल. हाच ‘साहु’ मराठीत ‘साव’ होतो आणि ‘सावकार’ या शब्दात आढळतो. ‘चोर’ आणि ‘साव’ ही जोडी मराठी माणसाच्या तोंडी अजूनही आहे. सज्जनपणा आणि पत यांस एकच शब्द असावा, ही गोष्ट बाजाराच्या मानाने बरीच उदार म्हणावी लागेल. पण त्यात व्यवहारही आहे : शाहजोग हुंडीत सावपण हा गुण राहत नाही, ती एक कायदेशीर पात्रता होते. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याने देशी भाषांतील अशा दस्तऐवजांच्या बाबतीत स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या. त्यामुळे बाजाराच्या तोंडचा हा शब्द मुंबईच्या न्यायालयांतही अर्थासकट टिकून राहिला.

पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापारात याहून वेगळी अशी जोखमी हुंडी चाले. माल गलबतावर चढवून विक्रेता ग्राहकावर हुंडी लिही व ती तिसऱ्याच एखाद्या व्यापाऱ्यास विके. गलबत सुखरूप पोचले तरच ग्राहकाने पैसे द्यावयाचे. ते बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. म्हणजे मधल्या काळाची जोखीम पत्करणे हाच त्या तिसऱ्या व्यापाऱ्याचा धंदा होता आणि हुंडीच्या किमतीत त्याचा मोबदला धरलेला असे. तथापि ही सुरक्षितता समुद्राच्या भयापुरतीच होती. माल पोचला पण निकृष्ट निघाला, तर जोखमी हुंडी ग्राहकाच्या उपयोगी पडत नसे. ‘न पोचणे’ आणि ‘सांगितल्याप्रमाणे नसणे’ या दोन तक्रारी भिन्न आहेत, हा भेद येथे प्रथमच नीट दिसतो, आणि तो पुढेही विसरून चालत नाही.

किरकोळ ग्राहकाच्या वाट्यास हुंडी क्वचितच आली. त्याची सोय केली ती टपालखात्याने. १८७७ साली हिंदुस्थानात मूल्यदेय टपालाची, म्हणजे व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली आणि १८८० साली मनीऑर्डर आली. पोस्टमनने पार्सल द्यावे, त्याच वेळी पैसे घ्यावेत आणि ते विक्रेत्यास मनीऑर्डरने पोचते व्हावेत, ही योजना इतकी रुळली की ‘व्हीपी सोडविणे’ हा वाक्प्रचारच मराठीत तयार झाला. त्यातील ‘सोडविणे’ हे क्रियापद अर्थपूर्ण आहे : गहाण वस्तू सोडवितात, तशी स्वतःच मागविलेली वस्तू पैसे भरून सोडवावयाची. परंतु पैसे आधी आणि पुडके उघडणे मागाहून, हा क्रम व्ही. पी. ने बदलला नाही. पुस्तकाऐवजी रद्दी निघाल्याच्या तक्रारी या क्रमातूनच उत्पन्न होत. म्हणूनच १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यातील व्ही. पी. विषयक कलमांत, लबाडी झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून ठेवून ग्राहकास परत करण्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार नमूद केलेला आढळतो. टपालखाते येथे शाहाच्या जागी आले. मात्र शाहाची जबाबदारी त्याने फार सावधपणे पत्करली.

मोठ्या परदेशी व्यापारासाठी बँकांचे पतपत्र होतेच आणि त्याचे समान नियम आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. पण बँक कागद पाहते, माल पाहत नाही. शिवाय एका पेनासाठी पतपत्र काढणे म्हणजे सुईसाठी गाडी जुंपणे होय. स्वातंत्र्योत्तर काळात तर आयातनियंत्रण आणि परकीय चलनाचे निर्बंध यांमुळे परदेशी पेन मागविण्याचा प्रश्नच सामान्य मनुष्यापुढे येत नसे. ते कोणी परदेशाहून येताना आणले तर मिळे. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा भाग २००१ च्या एप्रिलमध्ये उठला. योगायोग असा की, अनोळखी माणसांनी एकमेकांस वस्तू विकण्याचा नवा बाजार नेमका त्याच सुमारास आकारास येत होता.

१९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या बाजारात आरंभी ग्राहक धनादेश किंवा मनीऑर्डर टपालाने पाठवीत आणि वस्तूची वाट पाहत बसत. १९९६ मध्ये तेथे परस्परांविषयी अभिप्राय नोंदविण्याची सोय झाली. हे शाहपण यंत्राने मोजण्याचे साधनच होते. त्यात उणीव एवढीच की, शाह दोषाची भरपाई करी. अभिप्राय ती करीत नाही. शंभर स्वस्त टाचण्या प्रामाणिकपणे विकून मिळविलेली कीर्ती एका महाग पेनाच्या व्यवहारात उधळून टाकणारा विक्रेता या मापनात पकडला जातो तो घटना घडून गेल्यावर.

भरपाईची व्यवस्था निराळ्या मार्गाने आली, आणि तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण चीनमधील आहे. २००३ साली ताओबाओ या बाजाराने आलिपे ही पद्धत सुरू केली. तिच्याद्वारे झालेला पहिला व्यवहार एका जुन्या फूजी कॅमेऱ्याचा होता असे सांगतात : विक्रेता जपानात शिकणारा, ग्राहक शिआन शहरातला. ग्राहकाचे पैसे मध्यस्थाने धरून ठेवले आणि कॅमेरा पोचल्याची ग्राहकाने ग्वाही दिल्यावर ते विक्रेत्यास सोडले. इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत या ठेवीस ‘एस्क्रो’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधील चर्मपत्राच्या तुकड्याच्या नावावरून आला; अट पुरी होईपर्यंत तिऱ्हाइताच्या हाती ठेवलेल्या दस्तऐवजास तो लावीत. दस्तऐवज गेला, पैसा आला, शब्द तोच राहिला.

एस्क्रोमध्ये ग्राहकाचे बळ एका शब्दावर तोललेले असते, तो म्हणजे ‘पोचले’. हा शब्द उच्चारला, किंवा आजच्या रीतीने त्याचे बटण दाबले, की मधला काळ संपतो. म्हणून जुने पेन घेणाऱ्याने पुडके हाती आले एवढ्यावर ग्वाही न देता, पुडके उघडताना चित्रण करून, निब भिंगाखाली पाहून, शाई भरून आणि चार ओळी लिहून मगच ती द्यावी. ईबेच्या हमीत तक्रारीस सामान्यतः वस्तू पोचल्यापासून ३० दिवस मिळतात, पेपॅलच्या हमीत पैसे दिल्यापासून १८०. दोन मुदतींचे आरंभबिंदू वेगळे आहेत, हे लक्षात न घेतल्यामुळे रास्त तक्रारही बाद होऊ शकते.

याहूनही घातक असा एक शब्द आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतून वाढलेल्या पेपॅलच्या व्यवस्थेत पैसे दोन नावांनी पाठविता येतात : वस्तूचे मोल म्हणून, अथवा मित्र वा कुटुंबीय यांस म्हणून. दुसऱ्या प्रकारात विक्रेत्यास शुल्क पडत नाही. म्हणून काही विक्रेते थोडी सूट देऊ करून ‘मित्र’ म्हणून पैसे पाठविण्याची विनंती करतात. ग्राहकाने ती मानली की त्याचे ग्राहकपण संपते, कारण मैत्रीत पाठविलेल्या पैशास हमी नाही. शाहजोग हुंडीत पैसे घेणाऱ्यास दिलेले नाव हेच संरक्षण होते. येथे पैसे घेणाऱ्यास दिलेल्या नावानेच संरक्षण नाहीसे होते. भारतातील खात्यांसाठी हे वैयक्तिक व्यवहार २०१० च्या फेब्रुवारीत स्थगित करण्यात आले. तथापि अमेरिकेतील किंवा इंग्लंडातील भाच्याकरवी पेन घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मामांस हा धोका आहेच. तेथे भाच्याचे नाते खरे असते आणि विक्रेत्याचे खोटे. बाजाराबाहेर सरळ बँकेतून पैसे पाठविण्याची सूचना आली, तर ती मित्रत्वाचीच दुसरी तऱ्हा समजावी. बँकेमार्फत परदेशी गेलेली रक्कम विक्रेत्याच्या इच्छेवाचून परत आणणे अत्यंत दुष्कर असते.

क्रेडिट कार्डाच्या द्वारा दिलेल्या पैशास वेगळा आधार आहे. इंग्लंडात १९७४ च्या ग्राहक-पत कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूबाबत कार्ड देणारी संस्था विक्रेत्याबरोबर जबाबदार ठरते, आणि हे परदेशातील खरेदीसही लागू असल्याचा निर्णय तेथील उमरावांच्या सभेने २००७ मध्ये दिला. भारतात असे कलम नाही. येथे कार्डसंस्थांच्या अंतर्गत नियमांनुसार रक्कम उलटविण्याची मागणी बँकेकडे करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, परंतु ती अनधिकृत व्यवहारांपुरती. चोराने कार्ड वापरले तर हे परिपत्रक कामास येते. ग्राहकाने स्वतःच्या संमतीने पैसे दिले आणि पेन फुटके निघाले, तर तो व्यवहार ‘अधिकृत’च असतो. कितीतरी अर्ज या एका विशेषणावर अडतात. २०२० च्या परिपत्रकानुसार नव्या कार्डावरील परदेशी व्यवहार कार्डधारकाने स्वतः सुरू करावयाचा असतो. खरेदीपुरता तो सुरू करून, मर्यादा किमतीइतकीच ठेवून, नंतर बंद करणे हे सर्वांत सोपे कुलूप होय.

‘भेट’ या शब्दाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. जकात वाचावी म्हणून पुडक्यावर भेटवस्तू असे लिहून देण्याची तयारी विक्रेता दाखवितो. भारताने डिसेंबर २०१९ पासून, राखी व जीवरक्षक औषधे वगळता, टपालाने व कुरियरने येणाऱ्या भेटींची सवलत काढून घेतली. तेव्हा वाचण्यासारखे काही उरलेले नाही. उलट, पुढे तक्रार करावयाची वेळ आली तर वस्तू विकत घेतली होती हे सांगणाऱ्याच्या हाती ती भेट असल्याचा कागद असतो.

जपानी पेनांच्या बाबतीत हुंडीच्या काळचा आणखी एक मनुष्य परत आला आहे, तो म्हणजे अडत्या. सेलर (१९११), पायलट (१९१८) व प्लॅटिनम (१९१९) यांची जुनी पेने जपानच्या देशांतर्गत बाजारांत विपुल मिळतात. पण तेथील पुष्कळ विक्रेते परदेशी माल पाठवीत नाहीत. म्हणून तेथील अडत्या स्वतःच्या नावाने पेन घेतो, वखारीत ठेवतो आणि पुढे रवाना करतो. २०१३ साली निघालेल्या मेरकारी या बाजारात ग्राहकाने वस्तू मिळाल्याची नोंद करेपर्यंत विक्रेत्याचे पैसे अडकलेले असतात, ही एस्क्रोचीच रीत. परंतु त्या बाजाराच्या दृष्टीने ग्राहक कोण? पेनाचे पैसे पुण्याहून गेलेले असतात. ‘पोचले’ ही नोंद मात्र जपानातल्या वखारीत, पुडके अडत्याच्या हाती पडताच होते, आणि त्या वेळी पेनात शाईचा थेंबही भरलेला नसतो. अडत्याशी करार करताना पुडके उघडून तपासण्याची सोय तो देतो की नाही, आणि देत असल्यास तीत निबाची तपासणी येते की केवळ नगांची मोजदाद, हे पैसे पाठविण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे लागते.