भेटकार्डावरचे तिकीट

गेल्या संक्रांतीस मंडळात भेटकार्डे केली. खाली पुठ्ठा, वर पतंगाचा कागद, त्यावर कागजीपुऱ्याचा हातकागद. मध्ये कणकेची खळ. शोभेसाठी एका भगिनीने आजीच्या पेटीतील निजामी तिकिटे आणली, तेव्हा मात्र मी हात धरला. १९४८ पर्यंत आपले सेलू हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची तिकिटे १८६९ मध्ये निघाली, १९५० मध्ये टपाल भारताच्या खात्यात विलीन झाले. राजभाषा उर्दू, तरी पुष्कळ तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगूसोबत मराठीतही किंमत असे! माहेर संस्थानातच असलेल्या सासुरवाशिणीला पाकिटावर आपली अक्षरे दिसत. तिकिटे कपाटात ठेवली. कार्डांवर बटाट्याचे ठसे उठविले. तेही काही वाईट दिसत नाहीत.