सर्वकाळचा करार आणि कोकणचे बेने इस्राएल



'करार' हा शब्द परभणी जिल्ह्यातल्या माणसाला नवा नाही. निजामी अमदानीत येथील कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. शेत विकणारा असो की बटाईने कसणारा असो, करारनाम्याशी प्रत्येकाची गाठ पडेच. बायबल मराठीत आणणाऱ्यांनी हाच व्यवहारातला शब्द उचलला. त्या ग्रंथाच्या दोन भागांना आपण 'जुना करार' व 'नवा करार' म्हणतो. देव आणि माणसे यांच्यात करार होतो, माणसे तो मोडतात, आणि तरीही तो कायमचा संपत नाही, ही त्या ग्रंथातील संदेष्ट्यांची मध्यवर्ती कल्पना होय. तिचा उगम पश्चिम आशियात झाला. परंतु तिच्या इतिहासाचे एक मोलाचे पान आपल्या कोकणात, मराठी बोलणाऱ्या माणसांनी लिहिले आहे. त्या पानाविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम संदेष्ट्यांकडे वळू. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचे इस्राएल राज्य बुडविले, आणि ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. पराभूत लोक सहसा असे म्हणतात की आमचा देव दुबळा ठरला. होशेय, यिर्मया इत्यादी संदेष्टे उलट म्हणाले : देव दुबळा नाही, करार आम्ही मोडला, तेव्हा आता मागे फिरा. मागे फिरणे या अर्थी त्यांनी वापरलेले हिब्रू क्रियापद 'शूव' हे होय. गावी परतणे आणि मनाने पालटून देवाकडे येणे, या दोन्ही क्रियांना त्या भाषेत हे एकच क्रियापद पुरते.

यिर्मयाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यरुशलेमला वेढा पडलेला, स्वतः यिर्मया राजाच्या बंदीत, आणि अशा वेळी त्याने अनाथोथ गावचे एक शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले. खरेदीखतावर साक्षी घातल्या आणि ते खत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवविले. शत्रूच्या हाती जाणारी जमीन कोण शहाणा विकत घेईल? पण येथे पुन्हा शेतांची खरेदी-विक्री होईल, हेच त्याला सांगावयाचे होते. आणि ज्या अध्यायात हे खरेदीखत येते, त्याच अध्यायात पुढे देव 'सर्वकाळचा करार' करण्याचे वचन देतो. पुढे ख्रिस्तपूर्व ५३८ च्या सुमारास इराणच्या कोरेश राजाने परतण्याची मोकळीक दिली. काही परतले, पुष्कळ यहुदी देशोदेशी राहिले.

अशा दूर राहिलेल्यांपैकीच कोकणचे बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून ही जमात वाढली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांत एकमत नाही. निश्चित एवढेच की शतकानुशतके ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवीत होती, मराठी बोलत होती, आणि गावांवरून दिवेकर, राजपूरकर, केहिमकर अशी आडनावे लावीत होती. त्यांच्याजवळ ना धर्मग्रंथ उरला, ना धर्मगुरू. हिब्रू म्हणावी तर 'शमा' ही एक प्रार्थना ओठांवर राहिली होती. मग उरले काय? मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, शनिवारी घाणा बंद ठेवणे आणि खाण्यापिण्याचे काही नियम. शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले.

येथेच खरी आश्चर्याची गोष्ट आहे. मोशेच्या ग्रंथात 'सर्वकाळचा करार' हे शब्द उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात सुंतेविषयी येतात आणि निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात शब्बाथाविषयी येतात. कोकणातल्या या निरक्षर तेल्यांपाशी ते अध्याय नव्हते. पण ग्रंथाने ज्यांना कराराची खूण म्हटले, त्याच दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत! तिसरी गोष्ट एलीया संदेष्ट्यावरील भक्तीची. नवस फेडताना ते पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून 'एलियाहू हन्नाबी'ची आठवण करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवितात. मलाखीच्या ग्रंथाच्या अखेरीस एलीया येऊन वडिलांची मने मुलांकडे वळवील, असे भाकीत आहे. आणि 'वळवील' येथे क्रियापद तेच, 'शूव'. गंगाखेडच्या जनाबाईला जात्यावर आणि शेण वेचताना विठ्ठल भेटला, हे मानणाऱ्या आपल्या जिल्ह्याला घाण्यावर राखलेला धर्म समजणे अवघड जाऊ नये.

पुढे ग्रंथही परत आला. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनामंदिर उभारले. कोचीनच्या यहुद्यांनी विधी शिकविले. डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण शिकविले. बेने इस्राएलांनी ती विद्या घेतली, पण स्वधर्म सोडला नाही. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी जमातीचा इतिहास लिहिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएल कीर्तनकार अब्राहाम व योसेफ यांची आख्याने टाळ-मृदंगावर रंगवू लागले.

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले, आणि 'शूव' या शब्दाचा दुसरा अर्थ प्रत्यक्षात येऊ लागला. हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तेथे काय झाले? हालअपेष्टांनी व भेदभावाने कंटाळून काही जण १९५२ साली भारतात परतले. त्याहून मोठा घाव १९६२ साली बसला. इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी बेने इस्राएलांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करावी, असा दंडक तेथील प्रमुख धर्मपीठाने काढला. ज्यांनी ग्रंथावाचून करार पाळला, त्यांच्याकडे आता कराराचे कागद मागण्यात आले. ही माणसे गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेमात धरणे धरले. १७ ऑगस्ट रोजी इस्राएलच्या लोकसभेने खास बैठक भरवून, बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क तिळमात्र कमी नाहीत, असा निर्वाळा दिला. त्यानंतर धर्मपीठालाही दंडकातून त्यांचे नाव काढावे लागले. धरणे धरण्याची ही रीत त्यांना कोणत्या देशात परिचित झाली, हे मी सांगावयास नको.

आज ही जमात बहुसंख्येने इस्राएलात आहे. महाराष्ट्रात थोडी घरे उरली आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

या साऱ्यातून निघणारा बोध मला असा दिसतो. खत हरवले तर सारे बुडाले, असा व्यवहारातला न्याय आहे, आणि यिर्मयाने म्हणूनच खत भांड्यात जपविले. परंतु देव आपला नियम लोकांच्या अंतःकरणावर लिहील, असेही त्यानेच सांगितले. कोकणात खत हरवले होते. करार हरवला नव्हता. तो दर शनिवारी थांबणाऱ्या घाण्याने राखला. ज्यांना आपला धर्म ग्रंथात सुरक्षित आहे असे वाटते, त्या आपण सर्वांनीच, मग कोणत्याही पंथाचे असू, आपल्या घरात त्यातले काय पाळले जाते, हे एकदा पाहावे.